डायबेटिससाठी दिलेलं रक्त आणि त्यावर निघालेले बाकीचे पेपर: हवासुपाई प्रकरण

जीनोमिक डेटा, म्हणजे माणसांच्या डीएनएतून वाचलेली माहिती, शेअर करावा का, केला तर कुणाशी, आणि एकदा गोळा केलेला डेटा दुसऱ्या प्रश्नासाठी वापरायचा झाला तर कुणाला विचारायचं, या सगळ्यावर बोलताना बहुतेक लोक सरळ सर्व्हर, एन्क्रिप्शन, ॲक्सेस कमिटी असल्या गोष्टींवर येतात. मी एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, म्हणजे मी शास्त्रज्ञ नाही, पण प्रपोजल आणि कन्सेंट फॉर्म वाचायचं काम माझ्याकडे असतं, आणि नवीन कुणी कमिटीवर आलं की मी त्यांना आधी अमेरिकेतल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचं प्रकरण वाचायला सांगते. त्यात सर्व्हर हॅक झाला नव्हता, डेटा चोरीला गेला नव्हता, कुणाचं नाव पेपरात छापून आलं नव्हतं, आणि तरीही एका अख्ख्या जमातीचा विश्वास गेला. म्हणून ते नीट, सुरुवातीपासून लिहून काढतेय.

गाव आणि माणसं

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या आत खाली सुपाई नावाचं गाव आहे. तिथे गाडीरस्ता नाही. वर पठारावर गाडी लावायची आणि आठ मैल चालत उतरायचं, नाहीतर खेचरावरून किंवा हेलिकॉप्टरने जायचं. टपालसुद्धा तिथे अजून खेचरांवरून जातं. हवासुपाई जमातीची माणसं सगळी मिळून साधारण साडेसहाशे. पूर्वी ही मंडळी उन्हाळ्यात खाली कॅन्यनमध्ये शेती करायची आणि थंडीत वर पठारावर शिकारीला जायची, पण १८८२ मध्ये सरकारने त्यांना जेमतेम ५१८ एकराच्या पट्ट्यात बसवलं आणि वरची जमीन गेली ती गेलीच. ती परत मिळवायला त्यांना १९७५ उजाडावं लागलं, तेव्हा कायदा होऊन सुमारे १,८५,००० एकर त्यांच्याकडे परत आली. हा जमिनीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका जागी अडकल्यावर खाणं बदललं, चालणं-फिरणं कमी झालं आणि डायबेटिस वाढत गेला. १९८० च्या दशकाच्या शेवटी परिस्थिती अशी होती की लोकांचे पाय कापावे लागत होते आणि डायलिसिससाठी माणसांना गाव सोडून कॅन्यनच्या बाहेर राहायला जावं लागत होतं. आता साडेसहाशे लोकांच्या गावातून आठ-दहा म्हातारी माणसं कायमची बाहेर गेली तर घरात भाषा कोण बोलणार, पोरांना गोष्टी कोण सांगणार, हे ज्याला खेडं माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको.

या गावाशी जॉन मार्टिन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाचा १९६० च्या दशकापासून संबंध होता. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचे, गावात येणं-जाणं होतं, लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता. १९८९ मध्ये जमातीतल्याच एकाने त्यांना विचारलं की बाबा, या डायबेटिसचं काहीतरी करता येईल का. म्हणजे मागणी गावाकडून आली होती, विद्यापीठ आपणहून रक्त मागायला आलेलं नव्हतं. मार्टिननी मग त्याच विद्यापीठातल्या जनुकशास्त्रज्ञ थेरेस मार्को यांना बरोबर घेतलं, कारण ॲरिझोनातल्याच पिमा जमातीच्या लोकांमध्ये डायबेटिसवर बरीच वर्षं संशोधन चालू होतं आणि तसा काही जनुकीय धागा इथे सापडतो का हे बघायचं होतं. प्रोजेक्टचे तीन भाग ठरले, आहाराबद्दल शिक्षण, डायबेटिसची रक्ततपासणी आणि जनुकीय अभ्यास.

मार्कोंना स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावरही काम करायचं होतं आणि त्यांनी त्यासाठी वेगळ्या संस्थेकडे ग्रँटसाठी अर्जही केला होता. पुढे कोर्टात जे मांडलं गेलं त्याप्रमाणे मार्टिन त्यांना म्हणाले होते की जमातीला स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात रस असेल असं मला वाटत नाही. मला हे एक वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण म्हणजे शंका तिथे सुरुवातीलाच हजर होती, कुणीतरी ती बोलून दाखवली होती, फक्त ती ज्यांच्याशी बोलायला हवी होती त्या गावापर्यंत गेली नाही.

कन्सेंट फॉर्मवर काय होतं

१९९० पासून रक्त घ्यायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत दोनशेहून जास्त सॅम्पल्स जमले. फॉर्मवर लिहिलं होतं की हे रक्त 'वर्तनविषयक/वैद्यकीय विकारांची कारणं' अभ्यासायला वापरलं जाईल. गावातल्या बऱ्याच लोकांची पहिली भाषा हवासुपाई, इंग्रजी दुसरी, म्हणून फॉर्म मुद्दाम छोटा आणि सोपा ठेवला होता, असं नंतर संशोधकांच्या बाजूने सांगितलं गेलं. हा हेतू वाईट नाहीये. आमच्याकडेही वीस पानी फॉर्म येतात तेव्हा मीच म्हणते की हा कोण वाचणार, दोन पानांत आणा. पण सोपं करताना इथे नेमकी तीच माहिती गेली जी सही करणाऱ्याला हवी होती, की डायबेटिस सोडून आणखी काय काय बघणार, किती वर्षं ठेवणार आणि दुसऱ्या कुणाला देणार का.

आता त्या खोलीत बसलेल्या माणसाच्या बाजूने बघा. ओळखीचा प्राध्यापक आलाय, बैठकीत चर्चा झालीय ती सगळी साखरेच्या आजाराची, आईचा पाय गेलाय, भाऊ डायलिसिसवर आहे, समोर सुई घेऊन माणूस बसलाय आणि एक कागद पुढे केलाय. तो माणूस सही कशासाठी करतो, कागदावरच्या तिरप्या रेघेच्या अलीकडच्या शब्दासाठी की बैठकीत झालेल्या बोलण्यासाठी? माझं मत स्पष्ट आहे, तो बोलण्यासाठी सही करतो. कायद्याने कागद बघितला जाईल हे मला कळतं, पण संमती ही त्या माणसाच्या डोक्यात असते आणि कागद फक्त तिची नोंद असतो, नोंद आणि डोक्यातली गोष्ट वेगळी असेल तर नोंद चुकलीय असं धरायला पाहिजे.

डायबेटिसचं पुढे काय झालं तर जनुकीय कारण म्हणून बोट ठेवता येईल असं काही सापडलं नाही. हाही संशोधनाचा निकालच असतो, होतं असं. पण रक्त फ्रीझरमध्ये होतं, आणि फ्रीझरमधलं रक्त म्हणजे संशोधकाच्या दृष्टीने संधी. त्यावर स्किझोफ्रेनियाचं काम झालं. लहान, बंदिस्त लोकसंख्येतल्या आपसातल्या नात्यांतल्या लग्नांचा परिणाम काय होतो यावर पेपर निघाला, १९९३ चा, ज्यात बोटांच्या ठशांच्या रेषा दोन्ही हातांवर किती सारख्या आहेत हे मोजलं होतं. त्याच वर्षी रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांवरचा उत्क्रांतीच्या अंगाने जाणारा पेपर निघाला. हे लोक मुळात कुठून आले, स्थलांतर कसं झालं यावर काम झालं. सॅम्पल्स आणि त्यातून काढलेला डीएनए एका लॅबमधून दुसऱ्या संस्थांतल्या संशोधकांकडेही गेला. विज्ञान म्हणून यातलं बरंचसं काम चांगल्या जर्नल्समध्ये छापलं गेलं, आणि मार्को शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की फॉर्म व्यापक होता आणि आम्ही चांगलं विज्ञान करत होतो. त्यांची बाजू मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या काळात एका सॅम्पलमधून होईल तेवढं काम करून घेणं हे काटकसरीचं आणि चांगलं मानलं जायचं, आजही मानलं जातं. जीनोमिक्सची सगळी संस्कृतीच शेअरिंगवर उभी आहे, माणसाचा अख्खा डीएनए वाचणाऱ्या ह्यूमन जीनोम प्रोजेक्टवाल्यांनी १९९६ मध्ये बर्म्युडाला बसून ठरवलं होतं की जुळवलेला सीक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, चोवीस तासांत सगळ्यांसाठी खुला करायचा. त्या वातावरणात वाढलेल्या शास्त्रज्ञाला फ्रीझरमधलं सॅम्पल न वापरता ठेवणं हीच चूक वाटणार.

मार्च २००३

कार्लेटा तिलूसी ही हवासुपाई, आणि कॉलेजपर्यंत पोचलेल्या मोजक्या हवासुपाईंपैकी एक. तिनेही रक्त दिलं होतं. २००३ च्या मार्चमध्ये ती ॲरिझोना स्टेटमध्येच एका पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली. समोर पडद्यावर तिच्याच लोकांच्या डीएनएबद्दल बोलणं चाललेलं, आणि काढलेला निष्कर्ष असा की यांचे पूर्वज हिमयुगात आशिया आणि अलास्काला जोडणाऱ्या बेरिंगच्या पट्ट्यावरून इकडे आले. तिने प्रश्न विचारला की हे करायची परवानगी तुम्ही घेतली होती का.

इथपर्यंत, म्हणजे पहिली सुई टोचल्यापासून तेरा वर्षं, हे सगळं गावाला माहीतच नव्हतं. आणि कळलं ते कसं, तर जमातीतली एक मुलगी योगायोगाने त्या विद्यापीठात होती म्हणून. मी जेव्हा हे सांगते तेव्हा काही शास्त्रज्ञ मित्र म्हणतात की पेपर तर जाहीर छापलेले होते, लपवलं कुठे. बरोबर आहे, लपवलं नव्हतं. पण ज्याला मोठा दवाखाना गाठायला कॅन्यन चढावी लागते त्याने मानववंशशास्त्राच्या जर्नलचे अंक चाळत बसावं अशी अपेक्षा कुणीच करणार नाही, सांगायची जबाबदारी ज्याच्याकडे डेटा आहे त्याची.

आता तिला आणि गावाला नेमकं काय लागलं ते समजून घ्यायला पाहिजे, कारण बाहेरच्याला वाटतं की पूर्वज आशियातून आले म्हटलं तर त्यात एवढं काय, आपण सगळेच आफ्रिकेतून आलोय. हवासुपाईंच्या श्रद्धेत ते त्या कॅन्यनमध्येच जन्माला आलेत आणि कॅन्यन राखणं हे त्यांचं काम आहे. ही फक्त देवाधर्माची गोष्ट नाहीये. शंभर वर्षं जमिनीसाठी भांडलेल्या लोकांना 'तुम्ही मूळचे इथले नाहीच' असं वाक्य विद्यापीठाच्या शिक्क्यासह कागदावर दिसलं की पोटात गोळा येणारच, उद्या तेच वाक्य कुठल्या वकिलाने वापरलं तर. स्किझोफ्रेनियाचा शिक्का, आपसातल्या लग्नांचा शिक्का, हे तर कुठल्याही छोट्या समाजाला जिव्हारी लागणारे विषय. दाव्यात असंही मांडलं गेलं की या प्रकारानंतर काही लोक दवाखान्यात साधं रक्त द्यायलाही घाबरायला लागले. म्हणजे ज्या डायबेटिससाठी सगळं सुरू झालं त्याच डायबेटिसच्या उपचाराला यामुळे खीळ बसली.

जमातीने २००३ मध्येच हद्दपारीचा हुकूम काढला, ॲरिझोना स्टेटच्या कुठल्याही माणसाने आमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. विद्यापीठाने एका बाहेरच्या वकिलाकडून चौकशी करून घेतली, त्याचा अहवाल त्याच वर्षाअखेर आला आणि त्यात या रक्तावर आधारलेले सुमारे दोन डझन पेपर, प्रबंध वगैरे निघाले, बरेचसे डायबेटिसशी संबंध नसलेले.

कोर्ट, आणि जे कोर्टाने कधीच ठरवलं नाही

२००४ मध्ये दावे दाखल झाले. जमातीने ५ कोटी डॉलर मागितले होते. पुढची काही वर्षं भांडण चाललं ते रक्त कुणाचं या प्रश्नावर नाहीच, तर सरकारी संस्थेवर दावा लावण्याआधी द्यायची नोटीस नियमाप्रमाणे दिली होती का, त्यात रकमेचा नीट उल्लेख होता का यावर. २००७ मध्ये खालच्या कोर्टाने त्याच कारणाने दावा काढून टाकला, नोव्हेंबर २००८ मध्ये अपील कोर्टाने तो परत उभा केला, २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. एव्हाना विद्यापीठाचे केस लढण्यात १७ लाख डॉलर गेले होते. एप्रिल २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, दवाखाना आणि शाळेच्या बाबतीत मदत, शिष्यवृत्त्या, आणि उरलेलं रक्त परत. जमातीची माणसं विद्यापीठात गेली आणि फ्रीझरमधून आपले सॅम्पल्स घेऊन आली.

रक्त परत मिळणं ही अमेरिकेत साधी गोष्ट नव्हती. तिथल्या कोर्टांनी १९९० च्या मूर प्रकरणापासून साधारण अशीच भूमिका घेतलेली की एकदा शरीरातून निघालेल्या पेशींवर त्या माणसाची मालकी राहत नाही. म्हणून तडजोडीत का होईना पण सॅम्पल्स परत जाणं मोठं होतं. पण तडजोड झाली म्हणून मूळ प्रश्नाचा निकाल लागला नाही, त्या फॉर्मवरची सही स्किझोफ्रेनियाच्या कामाला पुरेशी होती का हे कुठल्याही न्यायाधीशाने कधी सांगितलंच नाही. बऱ्याच ठिकाणी 'हवासुपाई केस जिंकले' असं वाचायला मिळतं तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं, कायद्याने कुणाला बांधून घेणारा नियम यातून निघालेला नाही.

नाव काढून टाकलं की झालं का?

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखी जागा ही आहे. अमेरिकेतल्या संशोधनाच्या नियमांचा पाया असा की सॅम्पलवरून नाव-पत्ता पुसला आणि माणूस ओळखता येईनासा झाला की मग ते 'माणसांवरचं संशोधन' राहत नाही, पुन्हा संमतीची गरज नाही. आपल्याकडेही प्रपोजलमध्ये हे वाक्य हमखास असतं, डेटा अनामिक केला जाईल. पण पेपराच्या शीर्षकातच जमातीचं नाव आहे आणि जमात साडेसहाशे लोकांची आहे, तर अनामिक कोण राहिलं? पाड्यावर चाळीस उंबरे आहेत आणि कुणी छापलं की या पाड्यावर अमुक आजार आनुवंशिक आहे, तर एकाही माणसाचं नाव न घेता सगळ्या पोरींच्या सोयरिकी अडकल्या. नुकसान समूहाचं झालं, आणि फॉर्म मात्र एकेकट्याची सही घेऊन मोकळा झाला.

शिवाय एकेकट्याचं नाव तरी लपतं का, तर तेही पक्कं नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की जाहीर उपलब्ध असलेल्या जीनोममधल्या, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या खुणा वंशावळीच्या सार्वजनिक वेबसाइट्सशी जुळवल्या की आडनाव काढता येतं, आणि वय, राज्य अशी साधी माहिती जोडली की माणसापर्यंत पोचता येतं. अशी जवळपास पन्नास माणसं त्यांनी ओळखून दाखवली. त्याआधी २००८ मध्ये तर अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेला, म्हणजे एनआयएचला, नुसते एकत्रित आकडेसुद्धा खुल्या वेबसाइटवरून काढून घ्यावे लागले, कारण एखाद्याचा डीएनए हातात असेल तर तो त्या गटात होता की नाही हे त्या आकड्यांवरून सांगता येतं असं सिद्ध झालं. आणि २०१३ च्याच मार्चमध्ये जर्मनीतल्या एका लॅबने हेला पेशींचा, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या शरीरातून घेतलेल्या आणि जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या पेशींचा, पूर्ण जीनोम ऑनलाइन टाकला, त्यांच्या घरच्यांना न विचारता, तेव्हा पुन्हा तेच, नातवंडांच्या शरीरातली माहिती जगासमोर आणि परवानगी कुणाचीच नाही. तो डेटा काढून घेतला गेला आणि ऑगस्टमध्ये एनआयएचने कुटुंबाबरोबर करार केला, आता तो डेटा मागावा लागतो आणि मागण्या तपासणाऱ्या गटात कुटुंबातले लोक बसतात. मला ही तोड आवडते. डेटा बंद झाला नाही, शास्त्रज्ञांना तो मिळतो, फक्त दारात घरचं माणूस उभं आहे.

मग प्रत्येक वेळी विचारत बसायचं का

हा आक्षेप मी प्रामाणिकपणे घेते, कारण तो खरा आहे. दहा वर्षांनी नवीन प्रश्न सुचला की दोनशे लोकांना परत शोधायचं, काही गेलेले, काही गाव सोडून गेलेले, हे दोनशेला जमेल, पाच लाखाला नाही. ब्रिटनमधल्या यूके बायोबँकने, म्हणजे संशोधनासाठी लोकांचे नमुने आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या संस्थेने, पाच लाख लोकांची व्यापक संमती घेतली, भविष्यातल्या आरोग्य संशोधनासाठी, कधीही बाहेर पडायच्या सोयीसह, आणि त्यातून जे ज्ञान निघालं ते प्रत्येक अभ्यासाला वेगळी सही मागत बसलं असतं तर निघालं नसतं. न शेअर करण्याचीही किंमत असते आणि ती बहुतेक गरीबच भरतात. २०१६ च्या एका मोजणीत जनुकीय अभ्यासांतले ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे निघाले. म्हणजे औषधं, तपासण्या, धोक्याचे अंदाज सगळं त्यांच्या अंगाने बेतलेलं. आदिवासी समाज या डेटात नसेल तर त्यांच्या आजारांवर काम होणार नाही, हे हवासुपाईंच्या वकिलांनाही मान्य असेल.

पण हवासुपाईंच्या बाबतीत कुणी पाच लाख लोकांना विचारायला सांगत नव्हतं. एक गाव, एक निवडलेली कौन्सिल, ओळखीचा प्राध्यापक, आणि तेरा वर्षं. १९९१ मध्ये किंवा १९९३ मध्ये एक दुपार कौन्सिलपुढे जाऊन बसून सांगता आलं असतं की डायबेटिसचं असं असं झालं, काही हाती लागलं नाही, आता आमच्याकडे तुमचं रक्त आहे आणि आम्हाला स्किझोफ्रेनिया बघायचाय, स्थलांतर बघायचंय, चालेल का. कदाचित एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणाले असते. स्थलांतराला नाही म्हणाले असते हे जवळजवळ नक्की, आणि मला वाटतं की न विचारण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं, उत्तर नाही येईल हे माहीत असतं.

आता तांत्रिकदृष्ट्या हे सोपं झालंय. त्या काळी रक्ताची नळी एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये गेली की तिच्याबरोबर फार तर नंबरचं लेबल जायचं, संमतीची अट मागे फाइलमध्ये राहायची, आणि तिसऱ्या हातातल्या विद्यार्थ्याला बिचाऱ्याला माहीतही नसायचं की हे कशासाठी दिलं होतं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल अलायन्स फॉर जीनोमिक्स अँड हेल्थने यावर कोड बनवलेत, जे डेटासेटला चिकटून प्रवास करतात, कॉम्प्युटरला वाचता येतात. फक्त अमुक आजारासाठी, व्यावसायिक वापर नको, आणि त्यात चक्क एक कोड असा आहे की लोकसंख्येच्या मूळ किंवा वंशाचा अभ्यास करायला मनाई. तो कोड वाचला की मला सुपाई आठवल्याशिवाय राहत नाही. एनआयएचनेही २०१४ च्या धोरणात म्हटलं की नाव काढलेला असला तरी जीनोमिक डेटा पुढे शेअर करायचा तर त्याची संमती आधी घेतलेली असावी. आणि आदिवासी समाजांच्या बाजूने २०१९ मध्ये केअर तत्त्वं आली, सामूहिक फायदा, नियंत्रणाचा हक्क, जबाबदारी आणि नीतिमत्ता. डेटा सापडावा, उघडावा, जोडता यावा, परत वापरता यावा एवढंच सांगणारी फेअर तत्त्वं २०१६ पासून होती, त्यात माणसं कुठे आहेत हा प्रश्न केअरवाल्यांनी विचारला. नॅव्हाहो नेशन या अमेरिकेतल्याच मोठ्या जमातीने तर २००२ पासूनच आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनाला स्थगिती दिलेली. आणि २०१८ मध्ये साउथ डकोटात आदिवासी शास्त्रज्ञांनीच नेटिव्ह बायोडेटा कन्सॉर्टियम नावाची आपली बायोबँक उभी केली, सॅम्पल्स जमातीच्या जमिनीवर, कायदा जमातीचा. विज्ञान नको असं यातलं कुणीच म्हणत नाहीये.

आपल्याकडे

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आलाय. जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाने देशभरातल्या दहा हजारांच्या आसपास लोकांचे जीनोम वाचले, डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि जानेवारी २०२५ पासून संशोधकांना अर्ज करून, अटींवर मिळतो, सरसकट डाउनलोड नाही. हे चांगलं आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मोहीम जुलै २०२३ पासून चालू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य, त्यात आपले नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट आले. तिथे गरज शंभर टक्के खरी आहे, तपासणी व्हायलाच हवी, आणि म्हणूनच ते रक्त, ते निकाल पुढे कुठल्या प्रश्नासाठी वापरायचे झाले तर आधी त्या लोकांपुढे जाऊन विचारलं पाहिजे, कारण हवासुपाईंचीही गरज अशीच शंभर टक्के खरी होती.

कायदा यात फार हात देत नाही. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जनुकीय माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी धरली होती, २०२३ च्या कायद्यात तो वेगळा वर्गच राहिला नाही, आणि संशोधनाला अटींवर सूट आहे. त्यामानाने आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बरीच तपशिलात जातात. त्यात व्यापक संमती आहे, टप्प्याटप्प्याची संमती आहे जिथे सहभागी माणूस सांगू शकतो की याला हो आणि त्याला नाही, पुन्हा संमती घेणं आहे, आणि समाजाच्या प्रमुखांची परवानगी हवी तिथे ती घ्या पण ती एकेका माणसाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही हेही आहे. दोन्ही लागतात, ही गोष्ट फार लोक विसरतात. सरपंचाची सही आणली की काम झालं असं समजून येणारी प्रपोजल्स मी बघितलीत, आणि उलट दोनशे अंगठे आणले म्हणजे गाव तयार आहे असं समजणारीही.

आमच्या कमिटीत आता आदिवासी भागातलं जनुकीय प्रपोजल आलं की मी फॉर्मवर टप्प्याचे चौकोन मागते, म्हणजे या आजारासाठी हो/नाही, दुसऱ्या आजारांसाठी हो/नाही, मानसिक आजारांसाठी हो/नाही, मूळ-वंशाच्या अभ्यासासाठी हो/नाही, देशाबाहेर पाठवायला हो/नाही. डेटा मॅनेजरकडून लेखी घेते की हे चौकोन डेटासेटच्या कोडमध्ये उतरणार. अभ्यास संपल्यावर निकाल गावात जाऊन सांगायची तारीख आणि त्याचं बजेट प्रपोजलमध्येच लागतं, काही सापडलं नाही तरी जायचं, कारण सुपाईत तीच भेट झाली नव्हती. संशोधक कुरकुर करतात, वेळ जातो, खर्च वाढतो, मला ते कळतं आणि बजेट वाढवून मागायला मी त्यांच्या बाजूने उभी राहते.

जास्त अडचण जुन्या सॅम्पल्सची आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेलं रक्त, फॉर्म एक पानी, घेणारे प्राध्यापक निवृत्त, आणि आता त्याचं सीक्वेन्सिंग करता येतंय. माणसं शोधून परत विचारता आली तर उत्तम, नाही आली तर मी म्हणते ग्रामसभेपुढे जा, तिथल्या भाषेत सांगा, मराठीत नाही तर भिलीत, कोरकूत, गोंडीत, आणि बायकाही बसलेल्या असतील अशी सभा घ्या. तिथे नाही म्हणाले तर ते सॅम्पल फ्रीझरमध्येच राहतं किंवा परत जातं, कुठे जावं हेही त्यांनाच विचारायचं.